अप्पांचा रेझर उघडला, त्याची हकिकत

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. हात तेलकट आहेत, म्हणून लांबूनच वाकलो असं समज. तुझी कंबर, वहिनींचा खोकला आणि तुमची गळकी टाकी यांपैकी काय काय बरं झालं ते कळव. इकडे सगळे ठणठणीत. अडकलाय तो फक्त अप्पांचा रेझर.

तोच, पितळेचा, वर चकचकीत मुलामा दिलेला. दांड्याच्या बुडाची चकती फिरवली की डोक्यावरच्या दोन झडपा उघडतात, पातं ठेवायचं, चकती उलटी फिरवली की बंद. (लहानपणी आपल्याला त्याला हात लावायची बंदी होती. मला ती अजून आहे, हे या प्रकरणात कळलं.) मध्यंतरी ती चकती फिरेनाशी झाली. अप्पांनी जाहीर केलं, "रेझर अडकलाय, दाढी बंद." आणि दाढी केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हा त्यांचा नेम तुला ठाऊक आहे, म्हणजे फिरणंही बंद. बागेतल्या बाकावरची मंडळी दारापर्यंत येऊन परत गेली. नवा रेझर आणला, तो "तुलाच लखलाभ" म्हणून त्यांनी माझ्याच खिशात घातला. न्हाव्याला घरी बोलावलं, तर अप्पांनी त्याचं मनगटी घड्याळ मागे पडतंय हे नुसतं कान देऊन त्याला सांगितलं, चहा पाजला आणि दाढीला हात न लावू देता वाटेला लावलं.

मी पक्कड उचलली तेव्हा मात्र कडाडले, "घड्याळजीच्या घरात पक्कड? यंत्राला विनवायचं असतं, धमकावायचं नसतं!" मग विनवण्या सुरू झाल्या. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून रेझर बुडवला. (उकळतं पाणी मुलाम्याला सोसत नाही, व्हिनेगरचं तर नावच काढू नये, ही व्याख्यानं खुर्चीतून.) जुन्या टूथब्रशने फटींतला वाळलेला साबण काढला, चकतीच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला आणि रात्रभर पेल्यात उलटा उभा केला. (त्या पेल्यातून आता घरात कोणी पाणी पीत नाही.) सकाळी हिचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, श्वास रोखून चकती पिळली. कट्! झडपा शहाण्या मुलांसारख्या उघडल्या. एक ओरखडा नाही. अप्पांनी भिंगातून पाहिलं, "बरं जमलं" म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी रेझर पुन्हा घट्ट. पुन्हा साबण, तेल, पेला. उघडला. की पुन्हा घट्ट. ही म्हणाली, "अहो, तुमच्या हाताला यशच नाही." मला वाटलं, आटे झिजले असणार. काल सकाळी टॉवेल द्यायला न्हाणीघरात डोकावलो, तर अप्पा हिचे हातमोजे घालून, दातओठ खाऊन चकती आवळत होते. हात असे थरथरत होते की रेझर बेसिनवर टकटक वाजत होता. हनुवटीवर कापल्याच्या खुणा होत्या, वाढलेल्या दाढीत लपलेल्या. केसाएवढा स्क्रू चिमट्याने बसवणारा माणूस, दादा. मी टॉवेल घेऊन तसाच मागे फिरलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : या रविवारी ये. दाढी करायला अप्पांनी तुला शिकवलं (मी आपला तुझं बघून शिकलो), तेव्हा तुला ते नाही म्हणणार नाहीत. दुरुस्तीनंतर रेझर नीट चालतो का हे पाहायला एखादा गाल लागतो, आणि तुझा फार नाजूक आहे, म्हणून त्यांचा हवा, असं काहीतरी सांग.

आणखी ता. क. : येताना पक्कड आण, म्हणजे त्यांना ओरडता येईल. रेझर तुझ्यासमोरच उघडायला हवा. आज त्यांच्या हातून चकती नीट आवळली गेली नव्हती. ते खिडकीतून बागेकडे बघत बसले होते, तेवढ्यात मी आवळून ठेवली.