दुसऱ्या मशीनवर बंद पडलेली लायब्ररी

मॅडम, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा निवला. कॉम्प्युटरसमोर बसते, उठते, गॅलरीत जाते, परत येऊन बसते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय ते एकदा बोल आणि मोकळी हो." म्हणून बोलते.

नगरच्या कॉलेजात तुम्ही डेटा स्ट्रक्चर्स शिकवायचात आणि मी तिथे लॅब असिस्टंट होते. मेमरीत माहिती कशी मांडली की चटकन हाताशी येते, हे शिकवता शिकवता तुम्ही सी भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम एकत्र केलेत, त्यांची एक लायब्ररी झाली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून आपण लॅबमध्ये ती नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, आणि तुम्ही म्हणालात, "नुसतं घेतच राहायचं का? आपलंही काही देऊ." लायब्ररी कुणालाही एका कमांडने बसवता यावी असं तिचं पॅकेज बांधायचं काम माझ्याकडे आलं. जमेल की नाही या धास्तीत मी ते बांधलं, पाठवलं. सिस्टिमसाठी आलेली पॅकेजं तपासणाऱ्या परदेशातल्या एकाची ईमेल आली: "माझ्याकडच्या वेगळ्या जातीच्या मशीनवर हे सुरू होताच बंद पडतं."

सावेडीच्या तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ती वाचून दाखवते आहे, तुम्ही भाकरी थापता आहात. मी म्हणते, "तसलं मशीन नगरात कुणाकडेच नाही. त्याच्यासाठी हे पॅकेज नाही, असं लिहून टाकू ना." तुमचे हात थांबतात. चिडलात की तुमची भाषा थेट तुमच्या गावाला, पारनेरला जायची. "आपल्याकडं न्हाई म्हंजी जगात न्हाई व्हय? आपल्याला बी लोकांनी असंच वगळलं हुतं. तवा कसं वाटलं गं?" आपल्या दोघींच्याही वस्त्या गावाबाहेरच्या, पुढे काही बोलायची गरज नव्हती. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली, ती आपण तशीच खाल्ली.

मग सगळा कोड छापून तुम्ही ओळ न् ओळ वाचत बसलात. वर्गात जाताना हातात तेच कागद, जेवतानाही तेच. एका दुपारी लॅबमध्ये वीज गेलेली असताना खिडकीशी बसून हळूच म्हणालात, "चूक माझी आहे." मेमरीतला पत्ता तुम्ही साध्या पूर्णांकाच्या जागेत ठेवला होता. आपल्या मशीनवर दोन्ही सारख्याच रुंदीचे, म्हणून कधी बिघडलं नाही. त्या मशीनवर पत्ता दुप्पट लांब. अर्धा कापला जायचा. आणि हे नजरचुकीने झालेलं नव्हतं. प्रत्येक बॅचला तुम्ही असंच शिकवत आला होतात.

विभागप्रमुख म्हणाले, "मुलांना कशाला सांगता? दुरुस्त करा न् विषय संपवा." तुम्ही तडक वर्गाकडे निघालात. मी दाराशी उभी. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," तुम्ही म्हणालात, "तुमच्या आधीच्यांनाही." मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. हसू थांबेपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत, मग खडू उचललात. मला वाटत होतं, आत जावं आणि तुम्हाला बाहेर घेऊन यावं. गेले नाही. बरंच झालं.

सुधारलेलं पॅकेज त्या मशीनवर चाललं, सिस्टिममध्ये घेतलं गेलं. तुम्ही नुसतं "चला" म्हणालात, पण नंतर कितीतरी दिवस मला जिन्यात गाठून विचारायचात, "अजून कुणी काही कळवलं का गं?" पुढे तुमच्या आजारपणातही हेच.

तुम्ही गेल्यावर मी पुण्याला आले. नोकऱ्या बदलल्या, पॅकेज मात्र सांभाळत राहिले. सिस्टिमची नवी आवृत्ती निघाली की ते पुन्हा बांधायचं, पुन्हा तपासायचं. आज सकाळी सिस्टिम सांभाळणाऱ्यांकडून विचारणा आली. आता या लायब्ररीवर दुसरं काहीच अवलंबून नाही, हिच्याहून चांगल्या पुष्कळ आहेत, काढून टाकायला हरकत आहे का? उत्तर आजच हवं होतं. दिवसभर घरात फेऱ्या मारून आत्ता 'हरकत नाही' म्हणून कळवलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. इतकी वर्षं मी ती लायब्ररी जपली मॅडम, पण माझ्या स्वतःच्या एकाही प्रोग्रॅममध्ये ती कधी वापरली नाही.