उरलेले दोन ठोके

थुवाल (सौदी अरेबिया), ३ नोव्हेंबर २०२४

ती. शरफुन्निसाभाबी यांस,
दत्तारामचा सलाम व सा. न. वि. वि.

दोन हौद, एकशे बारा मीटर पाइप, पुठ्ठ्याच्या सहा भिंती, चौदा पंख्यांच्या चौकटी, गोड्या पाण्याच्या अठ्ठावीस काचपेट्या. एवढं मी आणि नसरुद्दीनभाईंनी हातानं केलं. बाहेरून आणल्या त्या फक्त मोटारी. मी आठवी पास एसी मेकॅनिक, ते बोटींच्या इंजिनाचे. विद्यापीठातले साहेब टेप लावून मोजून गेले, कुठं चार मिलिमीटरचा फरक निघाला नाही. समुद्राचं पाणी पुठ्ठ्यावरून उतरतं, पंखे त्यातून हवा ओढतात, आत टोमॅटोला पुण्याची हवा. खाऱ्याचं गोडं ऊनच करून देतं.

बातमी अशी की रियाधची एक कंपनी हे सगळं विकत मागते आहे. ज्याच्या नावावर इथला परवाना, तो आपला कफील इमाद राजी आहे, रोज यल्ला, चल, सही कर म्हणतो. निम्मा हिस्सा तुमचा, म्हणून तुमचा शब्द हवा. कंपनी जुना पाइप उखडून आपोआप उघडणाऱ्या झडपा बसवणार.

भाबी, तो पाइप बोलतो. नसरुद्दीनभाई खालच्या हौदात जाळी घासताना पाण्याच्या लोटात गेले, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तिथं कुणाला उतरू देत नाही. तरी पाणी सोडायची झडप उघडण्यापूर्वी मी पान्यानं पाइपवर दोनदा ठोकतो, आमची जुनी रीत. खालून दोन ठोके येतात. तापला की पाइप वाजतो, हे मला शिकवायला नको. पण हे येतात सूर्य उगवायला वीस मिनिटं असताना. घड्याळ लावून पाहिलंय.

चि. दुआस आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
दत्ताराम


हर्णै, १९ नोव्हेंबर २०२४

दत्ताभावजी यांस,
सलाम व अनेक दुआ.

पत्र तुमच्या गुहागरच्या माणसानं हातात आणून दिलं. फोनवर तुम्ही टोमॅटोचा भाव सांगता आणि कागदावर पाइप बोलतो म्हणता. दुआ हसली, म्हणाली काकांना रजेवर बोलवा, आठ दिवस सुरमई खाऊ घालू, मग पाइप गप्प बसेल. ती बँकेत लागली. घरी कसली अडचण नाही. विका, नका विकू, माझी दोन्हीला ना नाही.

पण एक विचारते. ती ठोकायची रीत यांच्या अब्बांची. बोटीखाली बूड घासायला उतरलेल्याला वरून दोन ठोके द्यायचे, खालच्यानं तीन द्यायचे, तेव्हाच इंजिन चालू. एक ठोका तर लाटही देते, असं हे म्हणायचे. नवी लग्न होऊन आले तेव्हा मलासुद्धा न्हाणीच्या दारावर आतून तीन ठोके द्यायला लावत, गंमत म्हणून.

त्या दिवशी खालून किती आले? आवाज आला म्हणून झडप उघडली, एवढंच तुम्ही सांगितलंत. आकड्याचे इतके पक्के तुम्ही, तोच आकडा कसा राहिला?

जेवणाची हयगय करू नका. आमच्यावरचा जीव आहे तसा असू द्या.

तुमची भाबी,
शरफुन्निसा


थुवाल, ८ डिसेंबर २०२४

ती. भाबी यांस,
दत्तारामचा सलाम व सा. न. वि. वि.

एक आला होता.

तीन हवेत, हे मला ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं. टोमॅटो न्यायला हॉटेलची गाडी दारात उभी होती, पुठ्ठे सुकले होते, मी एकालाच तीन धरलं. पोलिसांना, इमादला, तुम्हाला सांगितलं की आवाज आला. मनाला सांगितलं की पाइप तापून वाजला आणि मी फसलो. पण त्या दिवशीही उजाडायचं होतं. मी पाइपला हात लावला होता, गार होता. ठोका त्यांचाच होता. पुढचे द्यायला मी वेळ दिला नाही.

रोज येतात ते दोनच. कमी नाही, जास्त नाही. झडपेवर हात ठेवून मी दोन्ही मोजतो, मगच उघडतो. पाइप काढला तर ते कशावर ठोकतील?

माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी माझाही हिस्सा तुमच्या नावे करतो, पाइप तेवढा राहू द्या. यानंतर लोभ ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर.

दत्ताराम

ता. क. काल इमादसमोर कंपनीला नाही म्हणून आलो. या वेळी आकडा लपवत नाही: आठ लाख साठ हजार रियाल.