मोजणीत नसलेली

प्रिय वेणू,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो, म्हणून नुसतं वेणूच लिहिते. कागदाला सुक्या बोंबलाचा वास आला तर नाक मुरडू नकोस. पनवेलच्या शाळेत माझ्या डब्यातला जवळा चोरून खाणारी तूच होतीस. पुढे मलाच उचलून आपल्या भावाच्या गळ्यात बांधलंस आणि स्वतः पनवेलात दवाखान्याच्या कामाला राहिलीस. शहाणी तूच.

इकडचं तुला ठमाबाईकडून तुकड्यातुकड्यांनी कळत असेल. लढाईसाठी म्हणून पलटणीने टेकडी घेतली, मग धक्का घेतला आणि मग बांधावर काटेरी तार आली. होड्या वाळूवर पालथ्या पडल्यात, वल्ही छावणीत जमा. पुरुष सगळे धक्क्याच्या कामावर. पासाशिवाय कुणी बाहेर जायचं नाही, आणि बाहेरच्याने आत तर मुळीच यायचं नाही. पास एकट्या ठमाबाईला, कारण छावणीच्या भटारखान्याला तिने पनवेलहून आणलेली मासळी लागते. पहिल्या आठवड्यात साहेबाने सगळ्या गावाला रांगेत उभं करून मोजणी केली. त्या दिवशी जो हजर तोच गावचा. तुझी आई शेळीलाही रांगेत घेऊन आली होती, उद्या तिला परकी म्हणतील म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. तू पनवेलात होतीस, म्हणजे तू या गावची नाहीस, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आजारपणाचं तर विचारूच नकोस. पूर्वी माणूस होडीत घातला की भरतीबरोबर पनवेल गाठायचं. आता सुईण कृष्णाबाईसुद्धा तारेपलीकडे राहिली. छावणीत डॉक्टर आहे. लाल फुलीचा त्याचा तंबू माझ्या परसातून दिसतो, पण तो शिपायांचा. तो तंबू रोज बघून माझा जीव नुसता जळतो. नसताच तर बरं झालं असतं.

माझी जाऊ रंभा गेली एवढंच तुला कळलं असेल. कशी गेली ते कुणी सांगितलं नसणार. पहिलटकरीण पोरगी. सकाळपासून कळा देत होती, दुपार झाली तरी मूल पुढे सरकेना. तिचा नवरा, तुझा काळूदादा, छावणीच्या नाक्यावर धावला आणि हात जोडून म्हणाला, "बाई अडली हाय, सायेब. सोडवा तिला." आपल्याकडे कुणालाही कळेल तो काय म्हणतोय. पण दुभाष्या उत्तरेकडचा, मराठी गोदीत शिकलेला. त्याने साहेबाला सांगितलं, याच्या बायकोला कुणी तरी अडवलंय, तिला सोडायला सांगा. साहेबही भला निघाला. त्याने तिथल्या तिथे कागद करून दिला आणि काळूदादा तो नाचवत घरी आला. त्याला वाटलं, कृष्णाबाईला आत यायची परवानगी मिळाली. मी वाचून बघितला, तर या बाईला कुठेही जाताना कुणी अडवू नये असं लिहिलेलं. तिला कूस बदलता येत नव्हती गं, वेणू! तो पुन्हा पळाला, तोवर साहेब टेकडीवर गेलेला. तुझी आई आणि मी जमेल ते केलं. मुलगी जगली, पण रंभाचं रक्त काही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुभाष्या आमच्या दारात येऊन डोकं धरून बसला. मला त्याला शिव्या घालायच्या होत्या, तेही जमलं नाही.

मुलीला मीच पाजते, एकीकडे माझा बुधाजी आणि एकीकडे ती. चांगली बाळसं धरत होती. पण आता तिचं पोट चाललंय ते थांबतच नाही. जायफळ झालं, मुरुडशेंग झाली, देवीला नारळ बोलून झाला. टाळू खाली बसलीय, रडते तेव्हा आवाज फुटत नाही. दवाखान्यातल्या बाईला याहून जास्त सांगायला नको.

तिला घेऊन मी नाक्यावर गेले. दुभाष्या आता एकेक शब्द दोनदा विचारून घेतो. त्याने सगळं नीट सांगितलं आणि साहेबाने नीट उत्तर दिलं. मुलगी मोजणीनंतर जन्मली, म्हणजे ती गावात नाहीच. म्हणून तिला बाहेर जायला पास नको. आणि म्हणूनच एकदा बाहेर गेली की परत आत घेता येणार नाही. मी तिच्याबरोबर गेले तर पलटण उठेपर्यंत मीही बाहेरच. तुझी आई रंभा गेल्यापासून अंथरुणाला खिळलीय, तिचं खाणं, धुणं, कूस वळवणं माझ्या हाती. कुणाला सोडू, तूच सांग. मी त्या तारेपाशी उभी राहून लहान पोरीसारखी रडले.

ठमाबाईला बजावलंय, मुलीला आधी पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढे ने, मग वेणूच्या मांडीवर दे आणि पत्र मागाहून. ती म्हणाली, "वाटंत कुनी इचारलं तर माजी नात हाय म्हनून सांगीन, तू नको घाबरू." काळूदादा हो म्हणाला, पण भिंतीकडे तोंड करून. वेणू, तिला बरी कर. आणि बरी झाली तरी परत पाठवायचं मनात आणू नकोस, तुझ्याजवळच ठेव. बारसं राहिलंय. नाव आत्याने ठेवायचं आणि आत्या तारेपलीकडे, म्हणून आम्ही तिला नुसतं बाय म्हणत होतो. आता तू ठेव, तुला आवडेल ते. उद्यापासून मला दूध दोघांचं येईल आणि पिणारा एकटा बुधाजी असेल, त्याची सवय होईल हळूहळू. ती बोलायला लागली आणि तुलाच आई म्हणाली, तर म्हणू दे. मला तेवढं कळवू नकोस.

तुझीच,
चंद्रावती