मायचा अंगठा

पुसद, रविवार

प्रिय राजदीप,

सप्रेम जय भीम. तुझं पाकीट मिळालं. बाबांचं तंबोऱ्यांचं दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचा कागद, अन् मायचा अंगठा जिथं घ्यायचा तिथं पेन्सिलीची फुली. मोठा हुशार रे तू! 'बाबांमागं घरात कारागीर उरला नाही,' असं लिहिलंस. डोकंच फिरलं माझं. पण खरं सांगते, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. मी आपली तारा बदलणारी, खुंट्या बसवणारी.

मंगळवारी फुलसावंगीचे किसनराव त्यांचा तंबोरा घेऊन आले. तोच, ज्याच्या आवाजावर बाबांचं नाव चार तालुक्यांत झालं. भोपळ्याला तडा गेलता. आतून सांधायचा म्हणून मी वरची लाकडी तबली उचकटली. आपल्या घरची रीत तुले ठाऊक आहे. डोमाजी आजोबांपासून, ज्यानं तंबोरा घडवला त्यानं तबली बसवायच्या आधी आत कोमट लाखेत आपला अंगठा दाबायचा. आत अंगठा होता. लहानसा, अन् मधोमध आडवा वण.

तो वण कोणाचा, हे तुले सांगायला पाहिजे का? विळ्यानं कापला, असं माय इतकी वर्षं सांगत आली. भोपळा पुढ्यात ठेवला तर पदरात तोंड लपवून हसली. मंग म्हणे, "विळा कायचा वं, लाकूड कोरतानी पटाशी लागली होती. तुह्या बाबाचे हात थरथरत होते. मंग काय, तंबोरे बनवनं सोडून देऊ?" बाबांची शेवटची नऊ वर्षं तंबोरे मायनंच घडवले, राजा! तू पुण्यात, मी तेव्हा पांढरकवड्यात सासरी, कोणाला कळणार? लोक म्हणायचे, म्हातारपणी बाबांचा हात आणखीच गोड झाला. बाबा मान खाली घालून ऐकायचे, अन् आपल्याला वाटायचं, किती साधा माणूस!

काल तंबोरा तयार झाला. तारांखालची घोडी मायनं स्वतः घासली, सगळ्यांदेखत. किसनरावांनी तारा छेडल्या अन् रस्त्यानं जाणारी माणसं दारात थबकली. किसनराव मायच्या पाया पडले. मी तर ढसाढसा रडले, लाज कायची?

आता पत्र कायले लिहिलं ते ऐक. तुझा कागद फुलीसकट परत पाठवते आहे. त्यावर मायचा अंगठा नाही. तो तिनं आज सकाळी नव्या भोपळ्यात दाबला, अन् माझा हात धरून त्याच्याशेजारी माझाही.

घरात उरलेली कारागीर,
तुझीच ताई,
उर्वशी