रतनबाईची हाक

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
अंबाजोगाई,
दि. ९ फेब्रुवारी २००३

चि. बिभीषण यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. ड्युटीवरून आले ती तशीच लिहायला बसले आहे. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. तुझे दाजी म्हणतात, नर्सच्या घरात पाण्यापेक्षा सलाइन लवकर मिळेल. त्यांच्या विनोदाला तू हसत जाऊ नकोस, ते मग थांबत नाहीत.

आता मूळ गोष्ट. पुण्याच्या अलीकडे एका कंपनीची मोठी बाग होणार आहे, पाळण्यांची आणि घसरगुंड्यांची. तिथे गाजलेल्या पाच मराठी शिनेमांचे देखावे उभारणार, आणि लोकांनी तिकीट काढून त्या शिनेमात शिरायचं, असं पेपरात पानभर आलंय. त्यातला तिसरा आपला. त्र्याहत्तरच्या दुष्काळात आपल्या माळावर ज्याचं शूटिंग झालं, तो मेंढरांचा शिनेमा. शेवटच्या दालनात एक बटण असणार. ते दाबलं की नटीची 'ती अजरामर हाक' घुमणार आणि चाकांवरची मेंढरं धावत येणार.

कंपनीने लोकांची मतं मागवली आहेत, त्यामुळे रोज चाहत्यांची पत्रं छापून येतात. कोल्हापूरच्या एका बाईंना हाक ऐकली की शहारे येतात. केजचे सुंदरराव, रिटायर कंडक्टर, त्यांनी शिनेमा एक्केचाळीस वेळा पाहिलाय. ते लिहितात, हाक मारताना नटीच्या गळ्याची शीर थरथरते, असा अभिनय पुन्हा होणे नाही. वाचून माझ्याच गळ्याची शीर थरथरली.

ती हाक आपल्या आईची आहे, हे तुला मला ठाऊक आहे. मेंढरं नटीचं ऐकेनात, म्हणून आवाज टेप करणाऱ्या माणसाने आईला बाभळीखाली उभं केलं, हाक घेतली आणि एक लुगडं दिलं. वर्षाने केजला तंबूत शिनेमा लागला तेव्हा आई भर गर्दीत उठून म्हणाली की ही माझी हाक हाय, आणि अख्खा तंबू हसला. तेव्हापासून ती गावाची 'शिनेमावाली' झाली, म्हणजे थापाडी. नवरा असून तात्यांनीसुद्धा तिला गप्प केलं. तात्या गेले, पण नाव काही गेलं नाही.

मी पेपराला लिहिणार आहे. आईला सांग. पोटच्या लेकीने एवढं तरी करावं.

लोभ आहेच, तो दुष्काळातही आटू देऊ नये.
तुझी,
सत्यभामा अक्का


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
मु. चौसाळा, ता. बीड
दि. १९ फेब्रुवारी २००३

ती. अक्का यांस,
बिभीषणचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र पोचलं. दाजींच्या विनोदाला मी हसलो, माफी असावी.

यंदा गोदाकाठीही चारा उरला नाही, म्हणून आपल्या मेंढपाळ सहकारी संस्थेने गावाबाहेर रस्त्यालगत छावणी काढली आहे. अकरा घरांची साडेनऊशे मेंढरं एका कुंपणात. मी सचिव. चारा उशिरा आला की शिव्या मला, वेळेवर आला की हार चेअरमन विठ्ठलरावांना. मेंढरं दिवसभर मिसळलेली असतात, सांजेला ज्याने त्याने हाक मारायची, की ज्याची त्याची वेगळी होऊन येतात. परवा एक पाहुणा म्हणाला, तुम्ही सगळे सारखंच ओरडता. माणसाच्या कानाला तसंच वाटतं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. तो काढून फेकला. मग म्हणाली, "मला येकडाव हसले तेवढं बास हाय. आता पेपरात कावून हसवायली?" तेव्हा अक्का, लिहू नकोस.

आणखी एक सांगतो, रागावू नकोस. शाळेत पोरं 'शिनेमावालीचा' म्हणून चिडवायची तेव्हा मी मारामाऱ्या केल्या. पण घरी येताना मनात यायचं, आईला भासही झाला असेल. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, मला काय आठवणार? तू म्हणतेस तुला मला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही, मी फक्त मानत आलो. हे आईला कधी बोललो नाही.

लहानांवरची माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझा,
बिभीषण


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
अंबाजोगाई,
दि. १२ मार्च २००३

चि. बिभीषण यास अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र यायच्या आधीच माझं पेपराकडे गेलं होतं. ते छापून आलं, आणि त्यावर एकोणीस पत्रं आली. एकोणीसही विरोधात. कोल्हापूरच्या बाई म्हणतात, मोठ्या कलावंताच्या नावावर जगणारे असे पुष्कळ असतात. सुंदररावांनी तर कहर केला. मेंढकीने नटीच्या गळ्यावर हक्क सांगावा हे कलियुग, असं त्यांचं वाक्य चौकटीत छापलंय. आमच्या वॉर्डातल्या आयाने मला विचारलं, सिस्टर, पेपरातली ही रतनबाई देवकते तुमचीच आई का? मी हो म्हटलं.

कंपनीचं उत्तर गोड आहे. तो टेप करणारा माणूस वारला, कागदोपत्री काही नाही, तरी पुरावा असल्यास कळवावे. बाभळीखालच्या हाकेचा पुरावा कुठून आणू?

माझं चुकलं, बिभीषण. तिची वाळलेली खपली मी पुन्हा खरवडली. तुझ्या त्या ओळींचा आधी राग आला, मग रडू आलं. मी पाच वर्षांची होते. आईचा पदर धरून उभी होते. त्या माणसाने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि हाक झाल्यावर तो आईला म्हणाला होता, बाई, पुन्हा एकदा. तू माझ्यावर तरी विश्वास ठेव.

कंपनीची प्रचाराची गाडी गावोगाव फिरून लोकांचा कौल घेते आहे. तेवीस तारखेला चौसाळ्यात येणार, केजचे चाहतेही येणार. त्या दिवशी आईला माझ्याकडे पाठवून दे. तिने ते ऐकायला नको.

थोरल्या बहिणीचा वेडेपणा पोटात घालावा.
तुझी,
सत्यभामा अक्का


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
मु. चौसाळा
दि. २४ मार्च २००३

ती. अक्का यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बस. दाजींनाही बसव.

आई आली नाहीच. दोन मेंढ्यांचे खूर सुजलेत, त्यांना सोडून मी लेकीकडं मिरवायला जाऊ का, म्हणाली. काल दहाच्या सुमारास गाडी आली. रंगीबेरंगी, वर दोन भोंगे, आत कंपनीच्या एक तरुण मॅडम. मागे केजच्या जीपमधून सुंदरराव आणि त्यांची चाहते मंडळी, नटीच्या फोटोला घालायला झेंडूचा हार घेऊन. गाडी छावणीवरून गावाकडे जाताना भोंग्यावर शिनेमातली हाक लागली. ती लांब ओढून मधेच तोडलेली, आणि मग जिभेचा टक् टक्.

अक्का, कुंपणात साडेनऊशे मेंढरं होती. त्यातल्या काहींनी माना वर केल्या. मग ती बाकीच्यांतून वाट काढत निघाली, बाभळीचं फाटक ढकललं आणि रस्त्याने गाडीच्या मागे धावली. मी बोंबलत त्यांच्या मागे. गाडी चौकात थांबली तशी मेंढरं तिच्याभोवती गोळा झाली. मी मोजली. चौसष्ट. प्रत्येकीच्या पाठीवर हिरवा पट्टा. तो आपल्या घरचा. दुसऱ्या दहा घरांचं एक कोकरूसुद्धा आलं नव्हतं.

चौकात आधी हसाहस झाली, मग छावणीतल्या धुळाजीने मॅडमना पट्ट्याचा अर्थ सांगितला आणि सगळे मेंढरांच्या पाठी बघू लागले. सुंदरराव मात्र कंडक्टर ते कंडक्टर. म्हणाले, गाडीत पेंड ठेवली असेल. गाडी झाडून तपासली. मग म्हणाले, मेंढरं कोणत्याही हाकेला येतात. तेव्हा आम्ही सगळी मेंढरं परत कुंपणात मिसळली आणि गाडी पार दुसऱ्या टोकाला नेली. धुळाजीने हाक मारली, त्याची आली. म्हाळूने मारली, त्याची आली. दोघांच्या हाकांना आपली जागची हलली नाहीत. मग टेप लावली. पुन्हा चौसष्ट. सुंदररावांनी स्वतः मोजली, तिकिटं मोजल्यासारखी बोट ठेवत.

तरी त्यांची एक शंका उरली. एवढ्या वर्षांत आवाज बदलत नाही का, असं ते विचारत होते, आणि तेवढ्यात गव्हाणीकडून आई आली. टेप चालूच होती. आईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि हाक मारली. तिचा आवाज आता जाड झालाय, पण चाल तीच, तोड तीच. चौसष्टच्या चौसष्ट मेंढरांनी भोंग्याकडे पाठ फिरवली आणि आईकडे आली.

सुंदररावांनी टोपी काढली. म्हणाले, "एक्केचाळीस डाव बघितला बाई, पर ऐकला आज." तंबूत हसणाऱ्यांत आपणही होतो, हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. नटीचा हार त्यांनी आईच्या गळ्यात घातला. लोकांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं, भिवराबाई, चतुराबाई, ज्या आईला शिनेमावाली म्हणत आल्या, त्याही ओरडत होत्या. विठ्ठलरावांनी संस्थेच्या वतीने भाषण केलं, ते कोणी ऐकलं नाही. हाराचा अर्धा भाग मेंढ्यांनी खाल्ला.

मी आईचे पाय धरले आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. तिने पाठीवर थापटलं आणि म्हणाली, तुला तवा कळत नव्हतं रे. अक्का, मी छावणीत सगळ्यांदेखत रडलो. आज तूच मोठी, तूच खरी. पेपराला लिहिलं नसतंस तर सुंदरराव हट्टाला पेटून आले नसते.

आता लोभ मागत नाही, हक्काने घेतो.
तुझा,
बिभीषण


॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥
चौसाळा
दि. २ मे २००३

माझी लेक सत्यभामा हिला आई रतनबाईचा लई लई आशीर्वाद.
मी सांगायले, सूनबाई शिवकन्या लिवायली हाय. ती मधी मधी सुदारून लिवायला बगती, मी म्हनलं जसं बोलते तसंच लिव.

परवा बागंच्या मॅडम कागद घिऊन घरी आलत्या. पाटीवर माझं नाव येनार हाय, नटीच्या बरोबरीला. रतनबाई तात्याबा देवकते, चौसाळा, जिल्हा बीड. शिवकन्यानं चार डाव वाचून दाखवलं. सुंदरराव भाऊ संगं आलते. केजची समदी मानसं आता त्या बटनाला रतनबाईचं बटन म्हनत्यात, आन् पेपरात रोज तशी पत्रं धाडत्यात. कोल्लापूरच्या बाईनं बी माफीचं पत्र धाडलं. ते मी उशाला ठिवलंय. लई ग्वाड वाटलं बाई. खोटं कावून बोलू?

मॅडमनं इचारलं, अंगठा लावता का. म्या म्हनलं, थांबा, माझी येक अट हाय. बिभीषणानं तुला लिवलं नसंल, त्याचं ध्यान रडन्यात हुतं. त्या दिशी मेंढरं टेपीमागं पळत आली, तवा त्यांची नरडी सुकली हुती. म्या मॅडमला म्हनलं, हाक तुमी मारली, आता पानी बी तुमीच पाजा. गाडीत लोकायला वाटायला पान्याच्या पिशव्या हुत्या. त्या समद्या फोडून घमेल्यात वतल्या. सुंदरराव भाऊ दातानं फोडत हुते.

तीच अट कागदावर घातली. बटनाच्या म्होरं खऱ्या पान्याचा हौद पायजे. जे लेकरू माझी हाक ऐकून यील, त्याला वंजळभर पानी मिळालं पायजे, तिकिटाबिगर. मॅडम आदी हसल्या, मंग लिवून घेतलं. मंग म्या अंगठा दिला.

सत्यभामा, मला तीस वर्सं लोकायनी खोटी म्हनलं. पर माझ्या हाकंला आलेलं येक बी मेंढरू तान्हेलं माघारी गेलं न्हाई. ही हाक खोटी म्या हू देनार न्हाई.

जावईबापूला आशीर्वाद. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
तुजी आई,
रतनबाई तात्याबा देवकते