चौथ्या कंटेनरची साक्ष

गुहागर,
२० जानेवारी २०२५

चि. रुचिरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

साक्ष देऊन परवा मुंबईहून सुखरूप घरी पोचलो. चिपळूणपासून पुढे एसटीत उभाच होतो, गुडघे कुरकुरतायत, बाकी ठीक. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुझी काकू फोन मोठ्या आवाजावर लावते आणि आपलं बोलणं वाडीभर होतं.

सगळे विचारतात, की लवाद म्हणजे कोर्टच ना. मी सांगतो, तसं नाही. दोन्ही बाजूंनी मिळून पंच नेमायचे आणि ते सांगतील ते मानायचं, आपल्या गावकीसारखंच. फक्त एक पंच सिंगापुरात बसून पडद्यावर दिसतो. आमच्या मासळीच्या कारखान्याचं गोठवलेलं माकूल इथून निघतानाच खराब होतं, की स्पेनला जाताना झालं, एवढाच वाद. पण कागद म्हणशील तर होडीत मावणार नाहीत! तू काळा कोट घालून त्या मोठ्या मॅडमच्या मागे बसलेली दिसलीस. आमची बॅरिस्टरबाई! तुझ्या बापाने बघायला हवं होतं.

आणि हो, यंदा शिमग्यात गाऱ्हाणं मी घालणार नाही, असं गावकऱ्यांना कळवलंय. अठ्ठावीस वर्षं पालखीपुढे उभं राहून गावाचं सुखदुःख देवाला सांगितलं, आता दुसऱ्याने सांगावं. घसाही बसलाय. वाडीतल्या सदूला शिकवतोय. तू मात्र वेळेवर जेवत जा, फार वाळलीस.

उत्तर सवडीने दे, आठवण मात्र रोज ठेव.

तुझा,
जानूकाका


मुंबई,
२९ जानेवारी २०२५

ती. स्व. जानूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, तुमचा घसा बसलेला नाही. काल काकूशी बोलताना तुम्ही अंगणातून तुमच्या सोहमदादाला मारलेली हाक मला इथे ऐकू आली. तुम्ही गाऱ्हाणं का सोडलंत ते मला ठाऊक आहे, आणि दोन आठवडे मी आरशात बघायचं टाळते आहे.

तुमचं साक्षीचं निवेदन मी लिहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या, की साक्षीदार तुझ्या गावचा, भाषा तुझी, तर तूच लिही. चार कंटेनर, चार तारखा. पहिल्या कंटेनरबद्दल तुम्ही फोनवर सांगितलंत ते लिहून घेतलं, आणि तेच वाक्य पुढच्या तिन्हींना चिकटवलं, की कंटेनर बंद होताना मी स्वतः हजर होतो, सील माझ्या डोळ्यांदेखत लागलं. तुम्हाला एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्याच्या वेळी तुम्ही खरंच हजर होतात, हे नशीब. चौथी तारीख १९ मे. त्या दिवशी चिपळूणला वेदिकाताईचा साखरपुडा होता आणि पंगतीत मी तुमच्या शेजारी बसले होते! माझ्या पानातली जिलबी तुम्ही पळवली होतीत. तरी मला आठवलं नाही.

समोरच्या वकिलाने कारखान्याचं हजेरीपत्रक काढलं आणि त्या दिवशी कुठे होतात म्हणून विचारलं. तुम्ही लगेच खरं सांगितलंत. मग त्याने विचारलं, की हे वाक्य आलं कुठून. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, की ते मीच सांगितलं, मी खोटं बोललो. देवाची शपथ घेऊन तासही झाला नव्हता. मी उठायला हवं होतं. मी फाईलमध्ये तोंड खुपसून बसले. बाहेर आल्यावर तुम्ही मलाच पाणी दिलंत.

ज्याच्या शब्दावर सगळा गाव होय महाराजा म्हणतो, त्याला मी खोटारडा ठरू दिलं. मी मॅडमना सगळं सांगणार आहे.

लोभ असू द्या म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही.

तुमची,
रुचिरा


गुहागर,
७ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिरास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोफळीच्या बागेत जाऊन वाचलं, घरात नको म्हणून. हे बघ बाय, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं वय चौसष्ट, कारखान्यातून या मेमध्ये सुटणार, मला कोण काय करतंय? तुझं आत्ता कुठे बस्तान बसतंय. बापामागे तुझ्या आईने कसं शिकवलं ते मी बघितलंय. मॅडमकडे काही बोलू नकोस, माझी शपथ आहे.

आणि त्या जिलबीचं म्हणशील तर ती मी पळवली नाही, तूच टाकणार होतीस.

आईला जप, आणि आमच्यावर रागावू नकोस.

काका


मुंबई,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची शपथ मोडली. रागवा.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, की साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, हा या धंद्यातला पहिला धडा. मग पंचांना पत्र गेलं. चौथ्या कंटेनरबद्दलचं वाक्य साक्षीदाराने सांगितलेलं नाही, ते मी त्याला न विचारता लिहिलं, असं त्यात माझ्या नावानिशी आहे. पंचांनी ते वाक्य काढून टाकलं. चौथ्या कंटेनरपुरता कारखाना बहुधा हरणार. मला या कामातून काढलंय. आता मी दुसऱ्यांच्या फायलींना पानांचे आकडे घालते, आणि चेंबरमधले लोक माझ्याशी जरा जपून बोलतात. बोलणारच. माझंच कर्म.

सोबत त्या पत्राची नक्कल आणि मराठीत केलेलं पान पाठवते आहे. ते गावकऱ्यांपुढे वाचा. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे सगळ्यांना कळू दे, आणि गाऱ्हाणं तुम्हीच घाला. एवढं ऐका माझं.

मला सुट्टी मिळेल, पण पालखीपुढे यायचा धीर नाही. काकूला नमस्कार. जमलं तर मला पदरात घ्या.

रुचिरा


गुहागर,
२१ मार्च २०२५

चि. रुचिरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिमगा झाला. पालखी दारात आली तेव्हा काकूने ओटी भरली आणि तुझ्या नावाने रडली. तिला सगळं कळलंय. सगळ्यांनाच कळलंय, कारण तुझं पान मी पालखी बसते त्या सहाणेवर सोहमकडून वाचून घेतलं. गावकरी म्हणाले, चला, आता जानूने गाऱ्हाणं घालायला हरकत नाही. मी नाही म्हटलं. का, ते त्यांना सांगितलं, तसं तुलाही सांगतो. आधीच सांगायला हवं होतं, पण लाज वाटली.

तुझं ते इंग्रजी निवेदन सहीला आलं, तेव्हा सोहमने मला पडवीत बसवून ओळन् ओळ मराठीत सांगितलं होतं. १९ मे आल्यावर मी लगेच म्हटलं, की त्या दिवशी तर वेदिकाचा साखरपुडा. सोहम म्हणाला, रुचिराला फोन करा. मी केला नाही. आमची पोर एवढी शिकलेली, तिची चूक मी सातवी पास माणसाने काढायची? आणि खरं सांगू, तिने लिहिलेल्या कागदावर माझं नाव छापलेलं बघून मी फुगलो होतो. सोहमला गप्प केलं आणि ऐटीत सही ठोकली.

तुला वाटतं, त्या खोलीत मी तुझ्यासाठी खोटं घेतलं अंगावर. वाक्य मीच सांगितलं म्हटलं, तेवढं तुझ्यासाठी होतं. पण मी खोटं बोललो म्हटलं ना, ते खरं होतं गो. तू विसरून लिहिलंस. मला आठवत असून मी सही केली.

म्हणून गाऱ्हाणं सदूने घातलं. मध्येच विसरला मेला! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागून हळूच शब्द पुरवले आणि बाकीच्यांबरोबर होय महाराजा म्हटलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मागे उभा राहिलो. मागून देवाचं तोंड दिसत नाही, नुसत्या माणसांच्या पाठी दिसतात.

तुझ्या नावाचा नारळ यंदा दिला नाही, तुझ्या हातून द्यायला देव्हाऱ्याखाली ठेवलाय. पुढच्या शिमग्याला धीर असो वा नसो, ये. माझ्याशेजारी मागे जागा आहे.

आता लोभ असू दे म्हणायची पाळी माझी.

तुझा,
जानूकाका