कार्ड पाहाले गेलतो, भाऊजी

मु. केळझर, मे महिना

तीर्थरूप किसनराव भाऊजी यायच्या पायावर रूपरावचं डोकं. आमची बाई (म्हणजे तुमची जयवंता, पण आमची ती पहिल्यापासून बाई) बरी असन. तिच्या गुडघ्याले तेलाचा शेक चालू ठेवा अन् ढाब्यावरच्या भट्टीपाशी तिले बसू देऊ नका, भाकरी थापाले दुसरा माणूस भेटन, बहीण मले दुसरी भेटणार नाई. तुमची शुगर कशी आहे? गुलाबजामच्या पातेल्यावर झाकण ठेवून राह्यले का नाई? इकडं सगळं ठीक आहे. ऊन एवढं तापलं आहे का देवळाच्या फरशीवर पाय ठेवला का माणूस नाचत नाचतच गणपतीपाशी पोचते. वखरणी होत आली. म्हैस विऊन राह्यली म्हणता म्हणता एकदाची व्याली, वगार झाली.

तुमी म्हणान, फोन सोडून रूपराव पत्र काऊन लिहून राह्यला. तर भाऊजी, तुमचा फोन तुमी गल्ल्यावर ठेवता, तोही स्पीकर चालू करून, अन् मंग आपल्या घरचं बोलणं अख्ख्या हायवेले ऐकू जाते. मागं मी माझ्या पोटाचं दुखणं सांगून राह्यलो होतो, तर कोण्या ट्रकवाल्यानं मधातच ओरडून ओव्याचं औषध सांगतलं. (गुण आला, ते वेगळं.) पण हा मामला तुमच्या लेकीचा, आपल्या सुरभीचा आहे. पोरीच्या जिंदगीची गोष्ट कारंज्याच्या हायवेवर बोलाची नसते, म्हणून हा कागद.

तुमीच मले सांगतलं होतं का सिंदी मेघेचं ते स्थळ पाहून ये, अन् पाह्यल्यासारखं करून नाई म्हणाले एखादं चांगलं कारण घेऊन ये. पोट्टा इंजिनेर, पण दिवसभर घरी बसून कॉम्प्युटरवर गेम खेळते अन् त्याचीच कमाई खाते, हे तुमच्या काही गळी उतरलं नाई. सुरभीले तो पसंत आहे. बाईचं मन अर्धं इकडं, अर्धं तिकडं. अन् तुमी सगळ्यायसमोर बोलून बसले का मामा जे म्हणन ते शेवटचं. बरं केलं. अख्ख्या सेलू तालुक्यात बैल पाहाचा असला तर लोक रूपरावले गाडीत बसवून नेतात, हे काय मी माझ्या तोंडानं सांगू? दात पाहून वय, खूर पाहून चाल, अन् डोळा पाहून मी मालकाची दानतही सांगतो. तिथं एका पोट्ट्याची अन् त्याच्या मशिनीची काय बात आहे!

आता बैल पाहाले जाताना मी कधी घेणारा म्हणून जात नसतो. मालकाले सुगावा लागला का तो बैलाले गूळ चारते, शिंगाले तेल लावते, अन् लंगडा असला तर बसवूनच ठेवते. म्हणून मी धनंजयले (पोट्ट्याचं नाव धनंजय) सांगतलंच नाई का मी मुलीचा मामा आहे. म्हटलं, मी तिकडचा एक शेतकरी, माझ्या पोराले गेमसाठी भारीतलं भारी कार्ड घ्याचं आहे, तुमी यातले जाणकार म्हणतात, तर पारख करून द्या. (मले पोरगा नाई हे तुमाले माहीत आहे. पण खोटं बोलाचं तर मंग हात आखडता घेऊ नये.) त्याच्या मायनं लगेच पन्हं आणून देलं. पन्हं चांगलं होतं, वेलची घातलेलं. हे मी त्यायच्या बाजूनं मांडून ठेवतो, कारण पारख करणाऱ्यानं बेइमानी करू नये.

तुमाले हे कार्ड काय असते ते समजावून सांगतो, कारण तुमाले समजणार नाई. कॉम्प्युटरच्या पेटीत एक जाडजूड पाटी असते, विटेहून मोठी, तीन पंखेवाली, हातात घेतली तर लहान्या टरबुजाएवढी जड. गेम खेळताना पडद्यावर जे चित्र दिसते ते काढाचं काम तिचं. एका सेकंदात शंभराच्या वर चित्रं काढते म्हणतात. पडदा जेवढा बारीक ठिपक्यायचा, तेवढं तिच्या मानेवरचं जू जड. धनंजयपाशी फोर-के नावाचा पडदा आहे, त्याच्यात मुंगीच्या मिशा दिसतात. नागपूरचा एक दुकानदार त्याले असे नवे नवे कार्ड तपासाले देते, अन् हा तपासून मोबाईलवर व्हिडिओत सांगते का घ्या का नका घेऊ. भाव इचारला तर चांगली बैलजोडी अन् वर ती जुंपाले बंडी येईन एवढा. मी चेहरा हालू देला नाई. नुसतं "बस एवढंच?" म्हटलं.

त्याच्या खोलीत पाय ठेवला अन् बाप्पा बाप्पा, भट्टी! एसी नाई. कूलर होता तो त्यानं बाजूच्या खोलीत नेऊन ठेवला होता. मले वाटलं, पाहुण्याले घाम काढून वाटेले लावाचा बेत आहे. तर तो म्हणे, काका, बाहेर देशातले लोक थंड खोलीत बसून कार्ड तपासतात अन् आपल्याले सांगतात का लय चांगलं आहे. ते आपल्या मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखालच्या खोलीत किती टिकते हे कोण सांगन? अन् मंग त्यानं ते कार्ड सुरू केलं. पहिले तर काय चाललं म्हणता! घोडा, डोंगर, नदी, नदीत ढगाची सावली. मी खुर्चीच्या काठावर आलो. अर्ध्या तासानं पंखे असे घोंघावले जशी काय मळणी सुरू झाली. चित्रं कमी व्हाले लागली, घोडा मधातच अडखळला. बैल दमला का त्याची कूस हालते, तसंच झालं. मी म्हटलं, दमलं. तो म्हणे, बरोबर, दमलं, हेच मी लोकायले सांगणार. इथपर्यंत पोट्टा मले पसंत होता. इथपर्यंतच.

मंग त्यानं माझी परीक्षा घेतली. माझी, भाऊजी! दोन सारखे पडदे लावले, पेट्यायवर चादर टाकली. एका पेटीत हे भारी कार्ड, दुसरीत साधं, तिकडचं चित्र लहान काढून मोठं करून दाखवलेलं. म्हणे, काका, सांगा कोणतं कोणतं. तुमच्या डोळ्याले फरक दिसत नसला तर एवढा पैसा घालाचा कशाले? मी चष्मा पुसला, मागं सरलो, पुढं आलो, घोड्याची मागची टाच पाह्यली. डाव्या बाजूचं गवत असं ठसठशीत होतं का एक एक पातं मोजून घ्या. मी छाती ठोकून सांगतलं, भारी कार्ड डावं. अन् त्या पोट्ट्यानं, त्याच्या मायसमोर, हातात पन्ह्याचा गिलास असताना मले सांगतलं का काका, तुमी चुकले.

मी म्हटलं, चुकलो कसा? तर म्हणे, डावीकडचं साध्या कार्डाचं आहे, चित्र उगाच टोकदार केलं आहे, तारेचं कुंपण पाहा, घोडा चालला का तार लुकलुकते. उजवीकडं तार सरळ आहे. मी सांगतलं, तार वाऱ्यानं हालते, तुमाले वावरातल्या तारा माहीत नाई. तो हासला नाई, चिडलाही नाई, अन् माघारही घेतली नाई. पडद्यायची अदलाबदल केली, परत इचारलं. मी परत सांगतलं, अन् परत चुकलो म्हणे. मी म्हटलं, पोट्ट्या, मी बैल पाहाले लागलो तवा तू पाळण्यात होता. त्याच्यावर उत्तर असं, "काका, बैलातलं तुमी सांगा, मी खाली बसून ऐकतो. पण हे चुकलंच." त्याची माय खालच्या मानेनं गिलास गोळा करून राह्यली होती, अन् माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एवढा अपमान तर माझा खुद्द आमच्या बाईनंही केला नाई.

तेवढ्यात त्या दुकानदाराचा फोन. बोलणं मले ऐकू आलं (मी ऐकलं). तो म्हणून राह्यला होता का उन्हाळ्याचं काही सांगू नका, नुसतं चांगलं सांगा, कार्ड तुमच्याकडंच राहू द्या, भेट समजा. अन् हा शहाणा म्हणते का नाई जी, दुपारी दम धरत नाई हे तर सांगीनच, कार्ड परवा घेऊन जा. आता बोला! घरी चालत आलेली लक्ष्मी, अन् हा तिले बसस्टँडवर सोडून येते. याले व्यवहार म्हणाचं का काय म्हणाचं?

मी शेवटचं पाहून घेतलं. म्हटलं, जाऊ दे, मले हेच कार्ड पाहिजे, बांधून दे. तर त्यानं इचारलं, घरी पडदा केवढा आहे? मी दोन हात पसरून दाखवला. तो म्हणे, तो तर टीव्ही झाला. लाईन किती वेळ राह्यते? मी म्हटलं, राह्यते तवा राह्यते. मंग त्यानं हात जोडले अन् म्हणे, काका, घेऊ नका. पोराले खेळाले साधं कार्ड भरपूर झालं, राह्यलेला पैसा वावरात घाला. म्हणजे मले ऐपत नाई असं समजला का काय? मी तडक उठलो. माय जेवून जा म्हणत होती, तरी थांबलो नाई. (भरीत केलं होतं. वास येऊन राह्यला होता. तरी थांबलो नाई.)

तवा भाऊजी, माझा निकाल ऐका. कार्ड चांगलं आहे, पण थंडीच्या दिवसात. पोट्टा मात्र आपल्या कामाचा नाई. एक तर वडीलधाऱ्याले तोंडावर चूक म्हणते. फुकटची वस्तू परत करते. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना त्याले माघारी धाडते. असा माणूस संसार काय चालवन! तुमाले नाई म्हणाले कारण पाहिजे होतं, मी ढीगभर देले. उद्याच्या उद्या नकार कळवून टाका. बाईले माझा नमस्कार, गुडघ्याचा शेक सोडू नका.

तुमचा साळा,
रूपराव

ता. क. वरचं पत्र पाकिटात घातलं अन् सुरभीचा नागपूरवरून फोन आला. लॅबमध्ये रक्त तपासते ना ती, जेवणाच्या सुट्टीत केला होता. आवाज असा, का पोरगी हासून राह्यली का रडून राह्यली ते समजेना. म्हणे, मामा, तुमी घरात पाय ठेवला तवाच त्यानं तुमाले ओळखलं होतं. ती अन् तो फोनवर बोलत असतात (हे तुमाले माहीत नव्हतं, आता झालं), तिनं माझा फेट्यावाला फोटो त्याले कधीचाच धाडून ठेवला होता. म्हणजे "माझ्या पोराले कार्ड पाहिजे" म्हणून मी जे नाटक केलं, ते त्या माय-लेकानं पूर्ण पाह्यलं. मले एवढा राग आला का मी फोनच ठेवून देला.

अन् मंग वखर हाकलता हाकलता डोक्यात उजेड पडला, भाऊजी. त्याले माहीत होतं का हा मामा आहे. मामाच्या एका शब्दावर आपलं लग्न अडलं आहे हेही माहीत होतं. नुसतं "वा मामाजी, काय नजर आहे" म्हटलं असतं, तर मी तिथंच सुपारी फोडली असती, भरीत खाऊन आलो असतो. तरी तो मले चुकले म्हणला. तुमी आमच्या बाईले पाहाले आलते तवाचं आठवा. आमच्या बाबुजीनं म्हटलं होतं का कपाशीले पाणी लागतच नाई, अन् तुमी म्हटलं होतं, खरं आहे मामाजी, कपाशीले पाणी म्हणजे जहर. ओलिताची दहा एकर कपाशी होती तुमच्या घरी त्या साली! मी पाहून राह्यलो होतो. बाई तरी सुखात राह्यली, तुमी माणूस चांगले म्हणून. पण लग्नासाठी खोटं न बोलणारा पोट्टा मी या उमरीत पहिल्यांदा पाह्यला.

मी परत फोन लावला. सुरभी म्हणे, मामा, तुमी नाई म्हटलं तर मी बाबाच्या शब्दाबाहेर जाणार नाई, पण मले तोच पाहिजे होता. "होता" म्हणली पोरगी. माझा जीव तुटला, भाऊजी. मले लेकरू नाई, जे काय आहे ते तीच आहे. या पोट्ट्याच्या घरी तिले कोणी गोड बोलून फसवणार नाई, एवढं मी माझ्या जबानीवर लिहून देतो. दुसरं पत्र लिहाले मले सवड नाई, म्हणून हेच धाडतो. मुद्दे सगळे तेच आहेत, नुसतं नकाराच्या जागी होकार वाचा.

ता. क. दुसरा. पत्र पोस्टात टाकलं नाई. पोस्टात टाकलं असतं तर तुमी तोवर तिकडून नकार धाडून बसले असते. ज्यानं आता हा कागद तुमच्या हातात देला, अन् नाव न सांगता गल्ल्यासमोर उभा आहे, तोच धनंजय. मीच त्याले बोलावून कागद देला अन् सांगतलं का भाऊजीचं पत्र वाचून होईस्तोवर तोंड उघडू नको. त्याले तुमच्या ढाब्याचं वरण कसं लागलं म्हणून चुकूनही इचारू नका, तो खरं सांगन. पत्र जरा लांबलं, अन् तितका वेळ तो उन्हात उभा आहे. आता मान वर करा, भाऊजी, अन् त्याले बसा म्हणा.